आप्पांची बैठक

आईची वर्षाची पूजा उरकली, माणसं जेवायला घराकडं वळली, आणि आप्पा मात्र शेतातच, आईच्या समाधीशेजारच्या रिकाम्या जागेवर जाऊन बसले. नुसते बसले नाहीत. टोपी सारखी केली, मांडी घातली, पाठ ताठ केली, डावा तळहात मांडीवर उताणा ठेवला आणि डोळे मिटून घेतले. ऊन मी म्हणत होतं. मला वाटलं, आईच्या आठवणीनं भरून आलं असेल, म्हणून मी जरा लांबच थांबलो. थोड्या वेळानं त्यांनी एक डोळा किलकिला केला.

"बगत काय उभारलास? दोन्ही अंगाला किती जागा राहती ते बग की."

"कशाला?"

"मला बसवायला."

आमच्या लिंगायतांत माणूस गेला की त्याला जाळत नाहीत, आडवं पुरतही नाहीत. अंघोळ घालून, विभूती लावून, मांडी घालून भिंतीशी बसवतात. तळहातावर त्याचं जन्मभर गळ्यात बाळगलेलं इष्टलिंग ठेवतात. बसलेलाच मिरवत शेतात नेतात आणि बसलेल्यालाच माती देतात. इतरांना ही नुसती रीत वाटत असेल, आप्पांना तो आपला हक्क वाटायचा. तांबरवाडीत त्यांचं किराणा दुकान होतं आणि सगळा जन्म त्यांनी त्या दुकानाच्या गादीवर बसून काढला होता. लग्नातसुद्धा हा माणूस अक्षता पडेपर्यंत उभा राहिला हेच नवल, असं आई म्हणायची. दिवसा कुणी आडवं पडलेलं दिसलं की आप्पांच्या लेखी तो एक तर आजारी असायचा, नाहीतर आळशी.

मी त्यांना म्हणालो, "काय बोलायलाव आप्पा, आजच्या दिवशी?"

"आजच बोलतो. पुन्यांदा तू निवांत कवा घावणार?" मग त्यांनी उन्हातच सगळं सांगितलं, गिऱ्हाइकाला माल बांधून देताना सांगावं तितक्या सरळ आवाजात. "नरड्यात नळी घालू द्यायची न्हाई. जायला लागलो की घरी आणायचं. अंग ऊन हाय तवर बसवायचं आनि त्याच दिशी माती द्यायची. कुणाची वाट बगायची न्हाई."

"आक्काची?"

ते समोरच्या बांधाकडं बघत म्हणाले, "नंदीची बी न्हाई. ती येईस्तवर माझं लाकूड हुईल. मग काय मोडून बसवताव?"

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण महानंदा. नवऱ्याच्या नोकरीमुळं ती मस्कतला असायची. आई अचानक गेली तेव्हा रीतीप्रमाणं आम्ही दिवस मावळायच्या आत माती दिली, आणि आक्का पोचली तेव्हा बघायला ओली माती तेवढी उरली होती. आप्पांना ती एका शब्दानं बोलली नाही. स्वयंपाकघरात मला एकट्याला गाठून म्हणाली, "तू तरी थांबवायचंस रे." मी तिच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि बाहेर आलो.

आप्पांनी माझ्या चेहऱ्यावरून ते ओळखलं असावं. ते म्हणाले, "आनि एक. हे तिला कवाच सांगू नगंस. माझी वाट बगू नका म्हणून बापानं सांगून ठेवलं, हे लेकीच्या कानावर जाऊ ने. तू आपलं ठरवलंस म्हण. शिव्या तू खा." आणि स्वतःच हसले. मग सौदा पक्का करताना करायचे तसा हात पुढं केला. मी हसत हसत त्यावर टाळी दिली आणि त्यांना हाताला धरून उठवलं.

पुढच्या हिवाळ्यात त्यांच्या दम्यानं डोकं वर काढलं. आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून ते बसूनच झोपायला लागले. पाठीशी गव्हाचं पोतं, पोत्यावर वाकळ, आणि त्याला टेकून आप्पा. गावात चेष्टा सुरू झाली की रेवणआप्पा आतापासूनच सराव करायलेत. या चेष्टेवर सगळ्यात जास्त आप्पाच हसायचे आणि मग बराच वेळ खोकत राहायचे. संध्याकाळी सिद्धय्या स्वामी पान खायला यायचे. ते आमचे जंगम, म्हणजे पुजारी. गावात कुणी गेलं की बसवण्यापासून माती देण्यापर्यंतचं सगळं तेच करत. आप्पा त्यांना दम देत, "स्वामी, माझी मान वाकडी बसवली तर बगा." आणि स्वामी म्हणत, "तुमची मान जित्तेपणी कुठं सरळ हाय?"

असे तीन हिवाळे गेले. मेमध्ये एका सकाळी आप्पांना बसूनही श्वास पुरेना. मी त्यांना लातूरला दवाखान्यात हलवलं. मी लातूरलाच नोकरीला होतो, त्यामुळं डॉक्टर ओळखीच्या होत्या. तपासून झाल्यावर त्यांनी खुर्ची आप्पांच्या कॉटजवळ ओढून घेतली आणि आम्हा दोघांनाही ऐकू जाईल असं सांगितलं. फुप्फुसं थकलीत. मशीनवर ठेवलं तर एखादा दिवस, दोन दिवस निघतील, पण मशीन सुटेल असं वाटत नाही. घरी न्यायचं असेल तर त्या ऑक्सिजन आणि त्रास कमी करायचं औषध देणार होत्या. आप्पांच्या तोंडावर मास्क होता. त्यांनी बोट उचलून दाराकडं दाखवलं.

मी गाडीचं बघायला बाहेर आलो आणि फोन वाजला. आक्का होती. रडत असती तर मी तिची समजूत घातली असती. ती रडत नव्हती.

"मनू, तिकीट मिळालंय. उद्या सकाळी हैदराबादला उतरते, दुपारी तुझ्यापाशी येते. तेवढं थांबव त्यांना. आईच्या वेळी मी कुणाला काही बोलले न्हाई. आता बोलायलेय."

मी म्हणालो, "थांबवतो."

एवढंच बोललो. वॉर्डपर्यंतचा व्हरांडा मी चालत गेलो तेव्हा शेतातली ती टाळी मला आठवत होती, विसरलो होतो असं नाही. पण आप्पांना दिलेला शब्द जुना होता आणि आक्काला दिलेला आत्ताचा, आणि आक्काचं ते स्वयंपाकघरातलं वाक्य चार वर्षं मला टोचत होतं. मशीन लावा, असं मी डॉक्टरांना सांगितलं.  मग त्यांनी विचारलं, "आजोबांशी बोललात?"

"हो," मी म्हणालो.

नळी घालण्याआधी आप्पांचा डावा हात चादरीवर हलत होता. तळवा आभाळाकडं, आणि बोटं वर, पुन्हा वर. नर्सला वाटलं त्यांना पाणी हवंय. मला बरोबर कळलं होतं. बसवा म्हणतायत, मी सांगितलं. तिनं पायथ्याचा दांडा फिरवून कॉट डोक्याकडून थोडी उचलली आणि म्हणाली, यापेक्षा वर आता घेता येणार नाही, काका. आप्पांनी माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. उधारी बुडवणाऱ्या माणसाकडं ते असंच बघायचे, काही न बोलता, आणि मग दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळायचे. तसे ते भिंतीकडं वळले. नंतर औषधानं त्यांचे डोळे मिटले ते पुन्हा उघडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आप्पा गेले. आक्का तेव्हा मस्कतच्या विमानतळावर विमान सुटायची वाट बघत होती. म्हणजे नळी घालून मी मिळवलं ते एवढंच.

पण घरी आल्यावर एक गोष्ट मनासारखी झाली. स्वामींनी वेळ घालवला नाही. अंघोळ घातली, दुकानातली जुनी गादी पुढच्या खोलीत आणायला लावली, आणि अंग मऊ होतं तोवर आप्पांना मांडी घालून भिंतीशी बसवलं. कपाळाला पट्टी बांधून ती मागच्या खुंटीला अडकवली. मान अगदी सरळ. कपाळभर विभूती, डाव्या तळहातावर लिंग. माझी बायको उज्ज्वला दारातून बघत म्हणाली, "दुकान उघडून बसल्यासारखे दिसायलेत." खरंच तसे दिसत होते. माणसं येत होती, पाया पडत होती, आणि आप्पा सगळ्यांचा हिशोब माहीत असल्यासारखे बसले होते. मी त्यांच्यासमोर बसून पहिल्यांदा रडलो. मला वाटलं, एक मोडलं पण उरलेलं तरी जमलं. शेतात आईशेजारी खड्डा तयार होता. अंगणात केळीचे खुंट बांधून मिरवायची खुर्ची सजत होती. आक्का दुपारी येईल, तोंड बघेल आणि लगेच निघायचं, असं सगळं ठरलं होतं.

दुपारी आक्काचा फोन आला. विमान अजून मस्कतलाच होतं. काहीतरी बिघाड. रात्री सुटणार होतं, म्हणजे ती दुसऱ्या दिवशी सकाळी पोचणार.

मी स्वामींना बाजूला घेतलं. ते म्हणाले, मेचं ऊन आहे, बसलेला माणूस उद्यापर्यंत राहायचा नाही, चार वाजता उचलू. मी म्हणालो, निलंग्याहून बर्फाची पेटी आणता येईल. स्वामींनी तोंडातलं पान थुंकलं.

"पेटीत आडवं निजवावं लागतंय, मन्मथ. बसलेला मानूस हाय. उठवू ने."

"आक्का दुसऱ्यांदा मातीच बघंल, स्वामी."

"मला रेवणआप्पा म्हणाले हुते, कुणासाठी थांबू नगा."

"मलाही म्हणाले होते," मी म्हणालो. "उद्या परत बसवता येईल ना?"

स्वामींनी आप्पांकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्यांचंही वय झालं होतं, आणि भांडायचं कुणाशी, तर मित्राच्या मुलाशी. "ऊन पाण्यानं शेकलं की सैल पडतंय म्हणत्यात," ते म्हणाले. "तू लेक हायस. तू म्हणशील तसं." त्या 'म्हणत्यात'वर मी सगळा भार टाकला आणि गाडी पाठवली.

पेटी आली. लांब, पत्र्याची, वर तोंडापाशी काच. कपाळाची पट्टी सोडली, आप्पांना गादीवरून उचलून पेटीत ठेवलं, तर ते पेटीतही बसलेलेच राहिले. मांडी सुटेना. बसायचं ठरवलेलं अंग बसूनच घट्ट झालं होतं. पेटी घेऊन आलेल्या पोरांपैकी कुणी हात लावायला तयार होईना, स्वामी तर भिंतीकडं तोंड करून उभे होते. आप्पांचे गुडघे मी दाबले. आधी उजवा, मग डावा. दोन्ही हातांनी, वजन टाकून. आतून काहीतरी सुटल्याचं हाताला कळलं आणि पाय सरळ झाले.  तळहातावरचं लिंग मी काढून त्यांच्या छातीवर बांधलं, झाकण बसवलं आणि परसात जाऊन हात धुतले. बराच वेळ धूत होतो. शेवटी उज्ज्वलानं येऊन नळ बंद केला.

आक्का सकाळी आली. गाडीतून उतरली ती थेट पेटीवर पडली आणि काचेवर गाल टेकून बोलत राहिली. काय काय बोलली ते आम्ही ऐकलं नाही, तिच्यासाठी खोली मोकळी करून दिली होती. ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा आईच्या वेळेसारखा दगडी नव्हता, रडून मोकळा झाला होता. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ती म्हणाली, "थांबलास बाबा माझ्यासाठी."

मग आप्पांना बाहेर काढलं. ऊन पाण्यात टॉवेल पिळून गुडघ्यांवर, कमरेवर ठेवले. पाणी पुन्हा तापवलं, पुन्हा ठेवले. स्वामी आणि दोघेजण हळूहळू वाकवून बघत होते. आप्पा वाकले नाहीत. आक्का दारात उभी राहून बघत होती. एकानं जरा जास्त जोर लावला तेव्हा कालचं ते सुटणं माझ्या हातांना आठवलं आणि मी म्हणालो, "राहू द्या. आडवंच."

"आप्पांना बसवायचं न्हाई?" आक्कानं विचारलं.

स्वामी माझ्याकडं बघत राहिले. त्यांना सगळं ठाऊक होतं, आणि मी काय सांगतो त्याची ते वाट बघत होते.

"बसत न्हाईत, आक्का."

ती आत आली, आप्पांच्या पायापाशी टेकली आणि पदरानं त्यांचे ओले गुडघे पुसायला लागली. "मग निजू दे," ती म्हणाली. "तीन वर्सं मानूस पाठ टेकून निजला न्हाई. आता तरी निजू दे त्यांना."

खोलीतल्या बायका डोळे पुसायला लागल्या. स्वामी बाहेर निघून गेले.

खुर्ची उपयोगाची नव्हती, आणि तिरडी बांधायला आमच्यात कुणाला येत नव्हतं. शेवटी शेजारच्या गल्लीतल्या जाधवांची माणसं आली आणि त्यांनी बांधून दिली. सजवलेली खुर्ची केळीच्या खुंटांसकट अंगणात तशीच राहिली. आप्पांना पहिल्यांदाच आडवं होऊन गावातून जाताना लोकांनी बघितलं. दुकानावरून गेलो तेव्हा मी मान वर केली नाही.

शेतात खड्डा बसत्या माणसाचा. खोल, पण आखूड. आता तो लांब करायला हवा होता. एका अंगाला लिंबाचं झाड, एका अंगाला बांध, समोर विहिरीचा पाइप. एकच बाजू मोकळी होती, आईची. खणणारे थांबले आणि माझ्याकडं बघायला लागले.  आक्काच म्हणाली, "आईकडं वाढवा." आईच्या समाधीची माती दिसायला लागेपर्यंत त्यांनी खणलं. स्वामींनी विचारलं, डोकं कुणीकडं? "आईकडं," पुन्हा आक्काच म्हणाली. आई तिथं मांडी घालून बसलेली होती, तिच्या मांडीपाशी आप्पांचं डोकं आलं. मीठ आणि विभूती टाकून झाली, बेलाची पानं टाकली, आणि मूठमाती देताना आक्का रडता रडता किंचित हसली. "आई म्हणायची न्हाई का, ह्या मानसानं एकदा तरी माझ्या मांडीवर डोकं टेकावं म्हणून. ह्यांना बसण्यातून सवड कुठं?"

मी मूठ उघडली आणि माती टाकली. आप्पांना ते आवडलं असतं की नाही, हे मला त्या दिवशी कळलं नाही, आजही कळत नाही. त्यांनी जे मागितलं होतं ते हे नव्हतं, एवढं मात्र पक्कं ठाऊक आहे. वर्षभरात स्वामीही गेले. त्यांना त्यांच्या मुलांनी वेळेवर बसवलं, मान सरळ ठेवून. मी शेवटपर्यंत उभा राहून बघितलं.

आता या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. आक्का मस्कत सोडून सोलापूरला राहायला आली, विधवा झाली, थकली. दर वर्षी आप्पांच्या पूजेला येते आणि जो भेटेल त्याला सांगते, माझ्या भावानं माझ्यासाठी बापाला थांबवलं, नाहीतर मला तोंड दिसलं नसतं. लोक माझ्याकडं कौतुकानं बघतात. मी पाण्याचा तांब्या आणायला उठतो.

यंदा पूजा झाल्यावर ती लिंबाच्या सावलीत, दोन्ही समाध्यांच्या कडेला मातीवर आडवी झाली. मी शेजारी बसलो होतो. जरा वेळानं डोळे न उघडता ती म्हणाली, "मनू, एक सांगू? माझं आप्पांसारखंच कर."

"म्हणजे?"

"आमचा अभय कॅनडात. त्याला यायला दोन दिवस लागतील. दवाखान्यात म्हणलं नळी घाला, तर घालू दे. पेटी आणायची तर आण. पर त्याच्यासाठी थांबव मला. मी त्याच्या बायकोला न्हाई सांगितलं, तुलाच सांगायलेय. तुला थांबवता येतंय." मग डोळे उघडून माझ्याकडं बघत म्हणाली, "आनि बसवायचा आग्रह नको. आप्पा किती शांत निजले हुते."

सांगून टाकावं असं त्या क्षणी इतकं दाटून आलं, की मी तोंड उघडलंसुद्धा. आप्पा निजले नव्हते, आक्का. मी निजवलं होतं. त्यांना तुझी वाट बघायची नव्हती. सगळं जिभेवर आलं. समोर आप्पांची समाधी होती, इतरांच्या समाध्यांपेक्षा लांब, आमच्या सगळ्या शिवारात तेवढी एकच.

आक्कानं झोपल्या झोपल्याच हात पुढं केला. आप्पांचीच सवय. मी तिच्या हातावर टाळी दिली आणि म्हणालो, "थांबवतो." आप्पांच्या सगळ्या सांगण्यातलं तेवढं एक, तिला न कळू देण्याचं, मी अजून पाळतो आहे.